चार चेन, सव्वीस प्रश्न आणि चन्नप्पा अण्णा

आमच्या धंद्यात किस्से का साठतात, याचं उत्तर सोपं आहे. अवजड यंत्रं रस्त्यानं न्यायची म्हणजे चालणं कमी आणि थांबणं जास्त. क्रेनची वाट बघा, परवानगीच्या कागदाची वाट बघा, वायरमनची वाट बघा, पुढे अडकलेली उसाची ट्रॉली सरकायची वाट बघा. एवढा मोठा ट्रेलर रस्त्याकडेला उभा राहिला की दहा मिनिटांत वीस माणसं जमतात, आणि वीसही जणांना सल्ला द्यायचा असतो. मग किस्सा आपोआप तयार होतो. आम्ही फक्त उभं राहायचं!

मी मेकॅनिकल इंजिनिअर. सोलापुरातच शिकले. वर्गातली बहुतेक मुलं पुण्याला गेली आणि मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात सेफ्टी इंजिनिअर म्हणून लागले. कारण विचाराल तर, शेवटच्या वर्षाला असताना हायवेवर ट्रेलरवरून घसरून शेतात आडवं पडलेलं एक पोकलेन पाहिलं होतं. कुणाला लागलं नव्हतं. जमलेले लोक 'नशीब, नशीब' म्हणत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. एवढ्या मोठ्या धुडाला एकच चेन बांधली होती, तीसुद्धा फक्त पुढून. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुढे बरेच दिवस 'नशीब' हा शब्द ऐकला तरी डोकं फिरायचं.

म्हणून यार्डात आल्या आल्या मी सव्वीस प्रश्नांची एक लिस्ट केली. वजन किती, उंची किती, चेन किती, वाटेत तारा कुठं, पूल कुठं. प्रत्येकापुढे 'होय' किंवा 'नाही', खाली दोन सह्या. लिस्ट भरल्याशिवाय गाडी हलणार नाही!

आमचे मालक राजूशेठ. माणूस चांगला, फक्त फोन वाजला की घाबरतो. त्यांनी लिस्ट वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालव. पण तुझ्या ह्या कागदापायी एक जरी मोठं गिऱ्हाईक गेलं, तर कागद कचऱ्यात आणि तू ऑफिसात, बिलं करायला!"

मला बिलं करायची नव्हती.

*

पहिला अडथळा चन्नप्पा अण्णा.

अण्णा आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलतात, यार्डात मराठी, आणि ट्रेलर रिव्हर्स घेताना कुठलीच भाषा नाही. तेव्हा ते श्वाससुद्धा जपून घेतात.

मी लिस्ट पुढे केली. त्यांनी सव्वीसही प्रश्न वाचले आणि खाली बोट ठेवलं.

"ही सही कशापायी?"

"जबाबदारी म्हणून, अण्णा."

"म्हंजे काय झालं की मला धरायला."

"माझीपण सही आहे ना शेजारी!"

"तुमी पदवीवाल्या. तुमी सुटताल."

रात्रभर चिडचिड झाली, कारण ते बरोबर बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या सहीवरची ओळच बदलली. आधी तिथं होतं, 'वरील सर्व तपासले.' आता लिहिलं, 'मला शंका असेल तर मी गाडी हलवणार नाही.'

अण्णांनी ती ओळ दोनदा वाचली. "हे खरं हाय?"

"खरं."

"शेट वरडला तरी?"

"तरी."

त्यांनी सही केली. मी आनंदानं गेट उघडायला सांगितलं. गाडी काही सुरू होईना. मी केबिनशी जाऊन वर पाहिलं.

"काय झालं, अण्णा?"

"शंका हाय."

"कसली?"

"च्या झालाय का न्हाय, त्येचीच!"

*

चेन किती लागतील, हा लिस्टमधला नववा प्रश्न.

"अण्णा, किती चेन?"

"लागतील तेवड्या."

"म्हणजे किती?"

"चार."

"चार लिहू?"

"लिवा की. पण पाच लागल्या तर पाच."

बांधून झाल्यावर मात्र अण्णा मोजतात ते कानडीत. 'वंदु, एरडु, मूरु, नाल्कु' म्हणत ते प्रत्येक चेनवर लोखंडी सळई आपटतात आणि कान देऊन ऐकतात. ताठ चेनचा आवाज वेगळा, ढिलीचा वेगळा. मी कॉलेजात ताणाची गणितं कागदावर सोडवली होती. असं सळईनं सोडवलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला ते पटेना.

"नुसत्या आवाजावरून कसं कळतं?"

अण्णांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "घरात आमची मंडळी सैपाकघरात भांडं ठिवती. कुटलं सादं ठिवलं आन् कुटलं रागानं ठिवलं, हे भाईर वट्ट्यावर कळतंय की!"

मी दहावा प्रश्न घातला होता, 'चेन ताठ आहेत का?' त्याच्यापुढे पेननं लिहिलं, 'सळईनं वाजवून पाहिल्या का?' आता मलाही कळतं. रागानं ठेवलेलं भांडं म्हणजे ताठ चेन!

*

लोडिंग सांभाळतात गौतमदादा. क्रेनला माल कसा लावायचा, खाली लाकडाचे ठोकळे कुठं द्यायचे, हे सगळं त्यांच्या शब्दावर चालतं. दादांना एका शब्दाचा प्रचंड राग आहे. तो शब्द म्हणजे 'अंदाजे'.

शहरातल्या एका टॉवेल कारखान्याचा जुना बॉयलर चिंचोळीला हलवायचा होता. मॅनेजर तेलुगू घरातले, गोड बोलणारे गृहस्थ. मी वजन विचारलं.

"अंदाजे बारा टन."

दादांनी मान खाली घातली. मी कागद मागितला, तर कागद सापडला. बॉयलरवर पाटीसुद्धा होती. बाराच टन! पाणी काढलंय का? काढलंय. माझ्या लिस्टवर 'होय, होय, होय.'

क्रेननं बॉयलर वीतभर उचलला आणि क्रेनचा भोंगा कोकलायला लागला. वजन जास्त! दादांनी हात खाली केला आणि बॉयलर परत जमिनीवर टेकला. मग ते भट्टीच्या दाराशी गेले आणि त्यांनी झडप उघडली.

आत विटा होत्या. विटांच्या मागे लोखंडी पाइप होते, जुन्या मोटारी होत्या, कारखान्याच्या लूमचे सुटे भाग होते, दोन पोती नट-बोल्ट होते. आमची माणसं तासभर माल बाहेर काढत होती. सगळ्यात शेवटी निघाली एक ऑफिसची खुर्ची.

मी मॅनेजरांकडे पाहिलं. माझा पारा चढलेला होता.

"शिफ्टिंगच आहे ना, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "म्हटलं, गाडी चाललीच आहे!"

दादा खुर्चीवर बसले. "आता बोला, अंदाजे किती?"

*

राजूशेठनी एकदा मला बोलावून सांगितलं की लिस्टमध्ये पहिला प्रश्न नारळाचा पाहिजे. आमच्या यार्डातून कुठलीही गाडी नारळ फोडल्याशिवाय निघत नाही.

मी म्हटलं, "शेठ, ही सेफ्टीची लिस्ट आहे. नारळानं चेन ताठ होत नाही!"

"मग लिस्टनं तरी कुठं देव प्रसन्न होतो?"

दोन दिवस आमचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी मी गौतमदादांकडे गेले. दादा बौद्ध, नारळबिरळ काही करत नाहीत. म्हटलं, निदान हे तरी माझ्या बाजूनं बोलतील.

दादा म्हणाले, "ताई, मी नारळ फोडत नाही. पण अण्णा फोडतात तेव्हा मी बघतो. फोडायच्या आधी ते गाडीभोवती पूर्ण एक चक्कर मारतात. हात जोडलेले, डोळे उघडे. चारी बाजू बघून होतात, सगळी चाकं बघून होतात. गेल्या महिन्यात मागच्या चाकात घुसलेला दगड त्या चकरेतच दिसला होता."

मी लिस्ट उघडली.

"तुमच्या लिस्टीत गाडीभोवती चक्कर मारा, असं कुठं आहे?"

नव्हतं. सव्वीस प्रश्नांत ते एक राहिलं होतं! मी मुकाट्यानं पहिल्या प्रश्नाच्या वर लिहिलं, 'गाडीभोवती पूर्ण चक्कर मारून नारळ फोडला का?'

"आणि खाली लिहा," दादा म्हणाले, "खोबरं गौतमकडे जमा."

*

मोहोळच्या पुढे आत एका गावात ट्रान्सफॉर्मर पोचवायचा होता. गावाच्या तोंडाशीच रस्त्यावर विजेची तार लोंबत होती. मालाची उंची मला माहीत होती, तारेची नव्हती. तारेजवळ बांबू किंवा काठी न्यायची नाही, हा आमचा पक्का नियम. वायरमनला फोन केला. तो शेतात होता, येतो म्हणाला.

तोवर गाव जमलं.

एक पांढऱ्या टोपीचे आजोबा म्हणाले, "खुशाल घाला की गाडी! गेल्या साली हितनंच गणपती गेला. ह्येच्याहून मोटा हुता!"

"मोटा न्हवता," दुसरे म्हणाले. "मुकुट काडला हुता तवा गेला."

"मुकुट काडला न्हवता! मुकुटासकट गेला!"

"आरं, मी सोता ट्रॅक्टरवर बसलो हुतो!"

"तू पुढं बसला हुतास. मुकुट मागं हुता!"

मुकुट काढला होता की नव्हता, यावर पाऊण तास गावात दोन तट पडले. कुणीतरी मोबाइलमध्ये फोटो शोधायला लागलं. फोटोत फक्त नाचणारी पोरं! इकडे ज्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मर जायचा होता ते राजूशेठना फोन करत होते, राजूशेठ मला. "गणपती गेला म्हणतात ना, मग घाल गाडी!" मी नाही म्हटलं. "एक गिऱ्हाईक चाललं बरं का तुझ्या कागदापायी!" मी तरी नाहीच म्हटलं.

शेवटी वायरमन आला. त्यानं लाइन बंद केली, खांबावर चढला आणि तार मोजली. ट्रान्सफॉर्मर तारेहून चार बोटं उंच!

तार वर ओढता ओढता वायरमन खांबावरूनच ओरडला, "आरं, मला तर इचारायचं! मुकुट मीच काडला हुता!"

*

आमचा ट्रेलर लोड असला की तीसच्या वर जात नाही, खड्ड्यांच्या रस्त्याला तर दहाच्याही नाही. अशाच एका रस्त्यावर सायकलवरचे एक काका आम्हाला मागे टाकून पुढे गेले, थांबले, उतरले आणि आम्ही जवळ येईपर्यंत उभे राहिले.

"काय मदत पायजे का?"

"न्हाय काका," अण्णा खिडकीतून म्हणाले. "जोरात चाललोय!"

*

सोलापूरच्या दक्षिणेकडच्या एका गावात रस्त्याच्या कामाचा रोलर न्यायचा होता. गावाला नवी कोरी कमान. उंची मोजली, रोलर बसत होता. ट्रेलरच्या मागे उभे केलेले चढ-उताराचे लोखंडी रॅम्पही चार बोटं खालून जात होते. अण्णांनी गाडी आत घातली. चौकात रोलर उतरवला. सगळं कसं सुरेख! मी फोटो काढले.

परत निघालो आणि ट्रेलर कमानीला अडकायला आला.

आत गेलेली गाडी बाहेर निघेना! डोक्यात प्रकाश पडायला मला पाच मिनिटं लागली. रोलर होता तोवर वजनानं ट्रेलर दबलेला होता. रोलर उतरला, स्प्रिंगा सुटल्या, ट्रेलर वर आला आणि रॅम्पही वर गेले. मी इंजिनिअर, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं!

रॅम्प खाली सोडून ओढत न्यावेत, तर कमानीखाली नवे ब्लॉक बसवलेले. सरपंच त्यावर अक्षरशः मांडी घालून बसले. "आमची कमान बी जायाची न्हाय आन् ब्लॉक बी!" चाकांची हवा काढावी म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "परत कोण भरणार? तुमी?"

मग मीच म्हटलं, "रोलर परत चढवा."

रोलर परत चढवला, परत चारी चेन बांधल्या, सळईनं वाजवल्या. ट्रेलर दबला आणि कमानीतून अलगद बाहेर आला. बाहेर रोलर उतरवला. रोलरचा ड्रायव्हर तो चालवत, आरामात, कमानीखालून परत गावात घेऊन गेला. सरपंचांनी त्याला हात केला. "ह्यो जाऊ द्या. ह्यो सपाटच करतो!"

आम्ही तिघं त्या जाणाऱ्या रोलरकडे बघत राहिलो. दादा म्हणाले, "म्हणजे आधीच बाहेर उतरवला असता तर..."

अण्णांनी लिस्ट उलटून पाहिली.

"लिस्टीत तसं इचारलं न्हवतं," अण्णा म्हणाले.

*

दिवाळी तोंडावर आली आणि पुण्याच्या एका कंपनीचं मोठं काम आलं. एका साखर कारखान्याच्या वाढीव युनिटची सगळी यंत्रं, वर्षभराच्या खेपा. अट एकच. त्यांचे सेफ्टी साहेब यार्डात येणार, आमचे कागद बघणार, आणि त्यांना पटलं तरच काम. राजूशेठनी नवा शर्ट घातला. मला म्हणाले, "आज तुझ्या कागदाचा निकाल. काम आलं तर लिस्ट कायमची. गेलं तर ते बिलाचं टेबल बघून ठेव."

मी निर्धास्त होते. माझी फाइल म्हणजे आरसा! सहा महिन्यांच्या लिस्टा तारखेवार लावलेल्या, निळ्या शाईत, कुठं खाडाखोड नाही.

साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी एकेक पान उलटलं. सगळी फाइल संपली तसे परत पहिल्या पानावर गेले.

"यात कुठंच 'नाही' नाही?"

"एकही नाही, सर," मी अभिमानानं म्हटलं.

"सहा महिन्यांत एकदाही चेन ढिली निघाली नाही? चाकात हवा कमी नव्हती?"

"निघाली ना, सर! कितीदा तरी. ते दुरुस्त केलं आणि मग नवीन कागदावर..."

"नवीन कागदावर?"

"स्वच्छ लिहिलं." कॉलेजात जर्नलमध्ये एक खाडाखोड दिसली की अख्खं पान परत लिहायला लावायचे. तेच हातात बसलेलं.

"आणि पहिला कागद?"

"तो... टाकून दिला."

साहेबांनी फाइल बंद केली. "मॅडम, असे कागद मी रोज बघतो. टेबलावर बसून एका दुपारी भरलेले. तुमचे तसे नाहीत, हे मी कशावरून धरू?"

साहेब खरं बोलत होते, आणि मीही खरी होते! राजूशेठ बिलाच्या टेबलाकडे बघत होते. सहा महिने डोळ्यांपुढून गेले.

दारात चन्नप्पा अण्णा उभे होते. "टाकला कुटं?" ते म्हणाले आणि वळून यार्डात गेले. केबिनमध्ये चढले, सीटखाली वाकले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. ती त्यांनी साहेबांपुढे टेबलावर उपडी केली.

माझ्या लिस्टा! पहिल्या, खाडाखोडीच्या, चुरगळून टाकलेल्या. हातानं सरळ केलेल्या. प्रत्येकीवर तांबडे तेलकट डाग.

साहेबांनी बोटाच्या टोकानं एक उचलली. 'मागची डावी चेन: नाही. ढिली.' दुसरी. 'डाव्या बाजूचं तिसरं चाक: नाही. हवा कमी.' तिसरीवर अण्णांचं मोठं, वाकडं अक्षर होतं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं.

"'बाई घाईत हायत. गाडी हालवली न्हाय.'"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

साहेब वाचतच राहिले. तीस-चाळीस कागद असतील. खोलीभर शेंगाचटणीचा वास पसरला होता.

"हे तुम्ही एवढे जपून ठेवलेत?" त्यांनी विचारलं.

"जपून कुटलं, सायेब!" अण्णा म्हणाले. "कागुद जाड हाय. रोज दुपारी ह्याच्यावरच जेवतो की!"

साहेबांनी माझी स्वच्छ फाइल बाजूला सारली. तेलकट कागदांचा गठ्ठा नीट लावला, सगळ्यात वरचा समोर घेतला आणि 'तपासले' लिहून सही करायला पेन टेकवलं. पेन उठेना. तेलावरून नुसतंच घसरत होतं. त्यांनी पेन झटकलं, परत टेकवलं. परत तेच.

अण्णा पुढे झाले आणि कागदाच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सायेब, कडंला लिवा. तितं भाकरी ठिवत न्हाय."